वाचकांचे प्रश्न : फोनवरून चालणारी दुर्बीण

पावसाळा सरून आकाश मोकळे झाले की खगोलछायाचित्रणाविषयीच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत : कॅमेरा, माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारी बैठक) आणि दुर्बीण ही सामग्री मोबाइल फोनवरील ॲपच्या साहाय्याने, तारांच्या जंजाळाविना कशी चालवावी. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे वाय-फाय असलेला साधा डीएसएलआर कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स आणि एक लहान ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) आहे. कॅमेरा कंपनीच्याच ॲपवरून रात्रभर फोटो काढण्याचा प्रयत्न केला, परंतु जोडणी वरचेवर तुटत होती आणि कॅमेऱ्याची बॅटरी मध्यरात्रीपूर्वीच संपली. याहून चांगले ॲप कोणते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ॲप बदलल्याने फारसा फरक पडणार नाही. कॅननचे कॅमेरा कनेक्ट असो वा निकॉनचे स्नॅपब्रिज, ही ॲप दिवसाच्या छायाचित्रणासाठी, म्हणजे दुरून बटण दाबणे आणि काढलेला फोटो फोनवर घेणे एवढ्यासाठी तयार केलेली आहेत. रात्रभर शेकडो एक्स्पोजर घेत राहणे हे त्यांचे काम नव्हे. मात्र ती निरुपयोगी आहेत असेही नाही. कॅमेरा आकाशाकडे रोखलेला असताना त्याच्या मागच्या पडद्यात डोकावण्यासाठी मान वाकडी करावी लागते, तो त्रास फोनमुळे पूर्णपणे वाचतो. लाइव्ह व्ह्यू सुरू करून एखादा ठळक तारा चौकटीच्या मध्यावर आणावा, प्रतिमा १० पट मोठी करावी आणि फोन डोळ्यांसमोर धरून लेन्सची कडी अगदी सावकाश फिरवावी. ताऱ्याचा ठिपका लहान होत होत पुन्हा मोठा होऊ लागला की किंचित मागे यावे. फोकस साधल्यावर कडीवर चिकटपट्टी लावावी, चौकटीत हवा तो भाग आला आहे याची एखाद्या चाचणी फोटोने खात्री करावी आणि येथेच ॲपचे काम संपले असे समजावे.

त्यानंतर लाइव्ह व्ह्यू आणि कॅमेऱ्याचे वाय-फाय दोन्ही बंद करून पुढचे काम इंटरव्हलोमीटरवर (ठरावीक अंतराने शटर उघडणाऱ्या उपकरणावर) सोपवावे. लाइव्ह व्ह्यू सुरू राहिला तर संवेदक (सेन्सर) तापतो आणि फोटोत दाणेदार गोंगाट (नॉइज) वाढतो. वाय-फाय बॅटरी खाते ती वेगळीच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारणपणे २५ ते ३० एमबीची असते. अशी प्रत्येक फाइल फोनवर पाठवण्याची सोय कोठे सुरू राहिली असेल तर ती आधी बंद करावी, कारण फाइल कार्डावर सुरक्षित असताना तिची प्रत तेव्हाच्या तेव्हा फोनवर असण्याने काहीच साधत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांहून लांब एक्स्पोजरसाठी बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडे ठेवण्याची सोय) लागतो आणि तो ॲपमधून चालवता येईलच असे नाही. तारेचा साधा इंटरव्हलोमीटर हे काम बिनतक्रार करतो. बॅटरीच्या जागी बसणारी डमी बॅटरी घेऊन ती बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडल्यास मध्यरात्री बॅटरी बदलताना चौकट हलण्याचा धोकाही टळतो.

प्रश्न : वाय-फाय असलेला नवा गोटू (निवडलेल्या लक्ष्याकडे आपोआप वळणारा) माउंट घेतला. फोन माउंटच्या वाय-फायला जोडला जातो, परंतु काही मिनिटांतच ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश येऊन जोडणी सुटते आणि ॲपमध्ये माउंट दिसेनासा होतो. माउंट सदोष आहे काय? (एक वाचक, डोंबिवली, अशाच आशयाची पत्रे नगर आणि बेळगाव येथूनही आली आहेत.)

उत्तर : माउंट सदोष असण्याची शक्यता कमी आहे, बहुधा फोन अतिहुशारी करीत आहे. माउंट स्वतःचे जे वाय-फाय उभे करतो त्यात इंटरनेट नसतेच, ते केवळ फोन आणि माउंट यांच्यातील संभाषणासाठी असते. आजचे फोन मात्र इंटरनेट नसलेले वाय-फाय कुचकामी मानतात आणि आपल्याला न विचारता मोबाइल डेटाकडे वळतात. यावर सर्वांत खात्रीचा उपाय असा की, फोन एअरप्लेन मोडवर टाकून नंतर केवळ वाय-फाय पुन्हा सुरू करावे. ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहायचे काय’ अशी विचारणा झाल्यास होकार द्यावा आणि ‘पुन्हा विचारू नका’ हा पर्याय निवडावा. व्हीपीएन सुरू असेल तर ते बंद करावे. अँड्रॉइड फोनमध्ये संबंधित ॲपला बॅटरी-बचतीतून वगळावे आणि लोकेशनची परवानगी द्यावी. आयफोनमध्ये ‘लोकल नेटवर्क’ नावाची एक स्वतंत्र परवानगी असते. पहिल्यांदा ॲप उघडताना ती घाईत नाकारली गेली असेल, तर वाय-फाय जोडलेले दिसूनही ॲपला माउंट कधीच सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी. स्काय-वॉचरच्या एझेड-जीटीआयसारख्या माउंटला सिनस्कॅन प्रो ॲप आपोआप शोधू शकले नाही, तर जोडणीच्या पानावर १९२.१६८.४.१ हा पत्ता हाताने भरून पाहावा.

आपला माउंट आल्ट-अझिमथ पद्धतीने (वर-खाली आणि आडवा फिरवून) वापरला जात असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. या पद्धतीत ताऱ्याचा माग काढण्यासाठी दोन्ही अक्षांवरील मोटरींचा वेग सतत बदलावा लागतो आणि सिनस्कॅनसारख्या व्यवस्थेत ती आकडेमोड फोनवरील ॲप करीत असते. फोन खिशात घालून आपण चहाला गेलात आणि ॲप झोपी गेले, तर तारा हळूहळू चौकटीबाहेर सरकू लागतो. विषुववृत्तीय पद्धतीत (एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून) हा प्रश्न एवढा तीव्र नसतो, कारण तेथे एकाच अक्षाला एकसमान गतीने फिरायचे असते आणि ती गती एकदा दिली की माउंट ती पाळत राहतो.

दुर्गम ठिकाणी मोबाइलची रेंज नसेल तर स्थान कसे कळणार, अशी शंका नगरच्या वाचकांनी विचारली आहे. फोनचे जीपीएस रेंज नसतानाही चालते, फक्त पहिले स्थान मिळण्यास अधिक वेळ लागतो. मुक्कामी पोहोचताच फोन काही मिनिटे उघड्या आकाशाखाली ठेवावा, किंवा अक्षांश-रेखांश घरूनच टिपून न्यावेत.

प्रश्न : माझ्याकडे विषुववृत्तीय माउंट, ८० मिमीची दुर्बीण, कॅमेरा आणि गायडिंगचा (माउंटच्या गतीतील चुका सुधारण्यासाठीचा) लहान कॅमेरा असा संच आहे. आजवर सर्व काही लॅपटॉपवर चालवीत आलो. आता फोनवरून चालणारा कंट्रोलर घ्यावा असे वाटते. तयार डबा घ्यावा की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः व्यवस्था उभी करावी? फोनवर एवढे काम पेलेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरे तिच्यावरच अवलंबून आहेत. या व्यवस्थेत फोनवर काम पडतच नाही आणि पडूही नये. सगळे काम माउंटशेजारी बसवलेला छोटा संगणक करतो. त्याच्यापासून कॅमेरा, माउंट आणि फोकसची मोटर यांच्यापर्यंत तारा जातात आणि वाय-फाय केवळ त्या संगणकापासून आपल्या हातातील पडद्यापर्यंत असते. म्हणून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : चालू कामात मी फोन बंद केला तर काय होईल? ‘काही होणार नाही, फोटोंची मालिका पूर्ण होईल’ असे उत्तर मिळाले तरच ती वस्तू रात्रभराच्या छायाचित्रणास योग्य आहे.

यामागील कारण एका रात्रीचा क्रम पाहिल्यास स्पष्ट होईल. समजा, डिसेंबरच्या मध्यास आपण मृग नक्षत्रातील तेजोमेघ टिपायचे ठरवले. प्रथम माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे (आकाश ज्याभोवती फिरताना दिसते त्या बिंदूकडे) रोखावा लागतो. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो आणि ध्रुवताराही त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक ढळलेला असतो. त्यात उत्तरेला शेजारची इमारत किंवा शहराचा धुरकट पट्टा असला तर तो दिसतही नाही. उत्तर युरोपातील माणसाला ध्रुवतारा शोधण्यासाठी मान वर करावी लागते, आपल्याला तो शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागे शोधावा लागतो. नव्या ॲपमधील ध्रुव जुळवण्याची सोय येथे खरोखर उपकारक ठरते. माउंट थोडा थोडा फिरवून ती दोन-तीन फोटो घेते, त्यांतील ताऱ्यांच्या रचनेवरून अक्ष किती ढळला आहे हे काढते आणि कोणता स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा हे दाखवते. यासाठी काही ॲपमध्ये ध्रुवतारा दिसणेही आवश्यक नसते. स्क्रू फिरवताना फोन माउंटजवळ हातात असतो, लॅपटॉपच्या टेबलाकडे येरझाऱ्या घालाव्या लागत नाहीत. माझ्या मते बिनतारी व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पुढे माउंट लक्ष्याकडे वळतो. काही सेकंदांचा फोटो घेऊन त्यातील तारे साठवलेल्या तारासूचीशी ताडले जातात आणि दुर्बीण प्रत्यक्षात कोठे रोखली आहे हे निश्चित होते. यालाच प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. सूची डब्यातच असल्याने इंटरनेट लागत नाही. मग फोकसची मोटर पुढे-मागे करून ताऱ्यांचा आकार सर्वांत लहान कोठे होतो हे पाहिले जाते आणि गायडिंग सुरू होते. गायडिंगचा कॅमेरा दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याची जागा मोजून माउंटला सूक्ष्म दुरुस्ती पाठवत असतो. आकाश दर सेकंदाला १५ कला-सेकंद (एक कला-सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) या वेगाने सरकते आणि आपल्याला त्रुटी एक-दोन कला-सेकंदांत रोखायची असते, म्हणून हे मोजमाप आणि दुरुस्ती यांचे चक्र वाय-फायच्या भरवशावर सोडता येत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास मृग मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा) ओलांडतो. त्या वेळी दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवून लक्ष्य पुन्हा शोधावे लागते. आपण झोपलेले असताना हे सारे बिनबोभाट व्हायचे तर निर्णय घेणारा संगणक माउंटशेजारीच असायला हवा.

फाइलींचे आकारही हेच सांगतात. २६ मेगापिक्सेलच्या खगोल-कॅमेऱ्याची एक फाइल सुमारे ५२ एमबीची असते. दोन मिनिटांचे एक्स्पोजर पाच तास घेतले तर १५० फाइली आणि जवळजवळ ८ जीबी साठा होतो. तो डब्यातील कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर जमा होतो आणि फोनवर फक्त आटोपशीर नमुना दिसतो.

आता निवडीविषयी. झेडडब्ल्यूओ कंपनीने २०१८ मध्ये आणलेला एएसआयएअर हा डबा मुळात रास्पबेरी पायवरच आधारलेला होता. त्याच्या पुढील आवृत्त्या आज सर्वाधिक प्रचलित आहेत. वर सांगितलेली सर्व कामे तो एकाच ॲपमधून सुबकपणे करतो. अट एवढीच की, खगोल-कॅमेरा, फोकसर आणि फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारे चाक) त्याच कंपनीचे लागतात. माउंट मात्र अनेक कंपन्यांचे चालतात आणि कॅनन व निकॉनचे बरेचसे डीएसएलआरही चालतात. आपला कॅमेरा यांत बसत नसेल तर हा मार्ग येथेच संपतो, अन्यथा कॅमेरा विकावा लागेल. दुसरा मार्ग इंडी या मुक्त प्रणालीचा. ती रास्पबेरी पायवर लिनक्स या संगणक प्रणालीत चालते, असंख्य कंपन्यांची साधने ओळखते, आणि केस्टार्स या आकाशदर्शक सॉफ्टवेअरमधील इकॉस हे तिचे नियंत्रण-केंद्र आहे. तिच्यावर आधारलेल्या स्टेलरमेटचे फोनसाठी स्वतंत्र ॲपही आहे. तिसरा मार्ग माउंटवर छोटा विंडोज संगणक बसवून त्यावर निना हे छायाचित्रणाचे सॉफ्टवेअर चालवण्याचा आणि फोनवरून तो दूरस्थ पडदा पाहण्याचा. यात सामर्थ्य सर्वाधिक आहे, परंतु फोनच्या पडद्यावर माउसची बारीक बटणे दाबणे हा संयमाचा विषय आहे. टॅब्लेट तरी घ्यावाच. विंडोजच्या होम आवृत्तीवर मूळ रिमोट डेस्कटॉप चालत नाही, त्यासाठी व्हीएनसीसारखी सोय करावी लागते. इंटरनेट नसताना विंडोजचे स्वतःचे हॉटस्पॉट सुरू होण्यास कुरकुर करते, म्हणून सोबत लहान ट्रॅव्हल राउटर ठेवावा.

आपण लॅपटॉपवर सराव केलेला आहे, त्यामुळे इंडीही आपल्याला जड जाऊ नये. तरीही ज्याला अमावास्येच्या आगेमागे महिन्यातून दोन-तीन रात्रीच मिळतात, त्याने त्या लिनक्सच्या दुरुस्तीत घालवू नयेत असे मला वाटते. कॅमेरा जुळत असेल तर तयार डबा घ्यावा. लॅपटॉप मात्र लगेच विकू नये.

प्रश्न : कंट्रोलर गच्चीवर आणि मी खालच्या मजल्यावरील खोलीत, एवढ्या अंतरावरही वाय-फाय पोहोचत नाही. अँटेना मोठी घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आडवे आले आहे ते अंतर नव्हे, स्लॅब. सळयांचे जाळे असलेल्या काँक्रीटमधून रेडिओलहरी फार क्षीण होऊन बाहेर पडतात. डबा ५ गिगाहर्ट्झवर असेल तर प्रथम २.४ वर आणावा. वेग कमी मिळतो, परंतु अडथळ्यांतून लहरी अधिक आत शिरतात. त्यानंतर डब्याजवळच्या तारा पाहाव्यात. यूएसबी ३ च्या तारा आणि हब २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करतात, त्यामुळे अशी तार अँटेनाला गुंडाळली गेली असेल तर रेंज अर्ध्यावर येऊ शकते. तार दूर करावी आणि चांगल्या आवरणाची घ्यावी.

एवढ्याने न भागल्यास डब्याला स्वतःचे वाय-फाय उभे करू न देता घरच्या राउटरला जोडावे. यालाच ॲपमध्ये स्टेशन मोड म्हणतात. जिन्याच्या तोंडाशी एखादा एक्स्टेंडर ठेवला म्हणजे खालच्या खोलीत पडदा नीट दिसू लागतो. घराची रचना अनुकूल असेल तर जिन्यातून एक लॅन केबल वर नेऊन डब्यात घालावी. बिनतारीविषयीच्या सदरात हे सांगणे विचित्र वाटले तरी कायमच्या जागेसाठी याहून खात्रीचे काही नाही. फोन त्याही वेळी बिनतारीच राहतो. आपल्या पत्रात इंटरनेटवरून दुसऱ्या गावाहून दुर्बीण चालवण्याचाही उल्लेख आहे. त्यासाठी राउटरचे दार बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवू नये, व्हीपीएनचाच मार्ग घ्यावा. आणि अचानक पाऊस आला तर दुर्बिणीवर आच्छादन घालणारे माणूस घरात असल्याशिवाय हा उद्योग करू नये.

प्रश्न : ड्यू हीटर (काचेवर दव धरू न देणारा तापक) सुरू केला की कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि फोनवरची जोडणी जाते. यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी वापरतो. वाय-फाय बिघडले आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाय-फाय ठीक आहे, वीज कमी पडते आहे. थंड करता येणारा कॅमेरा पूर्ण जोरात असताना तीन अँपिअरपर्यंत घेतो, माउंट आणि कंट्रोलर मिळून एक-दीड, त्यात हीटरचा एक; म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास भार होतो. ७ अँपिअर-तास हा आकडा २० तास सावकाश वापरासाठी दिलेला असतो. एवढ्या भाराला ती बॅटरी तासाभरात मान टाकते आणि त्याआधीच तिचा दाब घसरू लागतो. तारही तपासावी. दोन मीटर लांबीच्या, अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन पाच अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात. तीच वायर दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर हा तोटा पाव व्होल्टच्या आत येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ३० ते ४० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या भारालाही सहा ते आठ तास पुरेल आणि तिचा दाब शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो. हीटरही पूर्ण क्षमतेने चालवण्याची गरज नसते. काच हवेहून एक-दोन अंश उबदार राहिली तरी दव धरत नाही.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. देणगीतून ॲपवर चालणारी स्मार्ट दुर्बीण घेण्याचा विचार आहे. मुलांना शनीची कडी दाखवायची आहेत. सीस्टार एस५० कशी? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : शनीसाठी घेऊ नये. तिची भिंगे ५० मिमी व्यासाची, नाभीय अंतर २५० मिमी आणि संवेदकाचा एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आहे. त्यामुळे एका पिक्सेलमध्ये आकाशाचे सुमारे २.४ कला-सेकंद मावतात आणि कड्यांसह शनी पडद्यावर १७-१८ पिक्सेलचा दिसतो. त्यासाठी जुन्या पद्धतीची, डोळा लावून पाहायची सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण उत्तम, आणि कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा अनुभव वेगळाच असतो. मात्र तेजोमेघ आणि तारकागुच्छ दाखवायचे असतील तर ही लहान दुर्बीण शाळेसाठी फार सोयीची आहे. माउंट, कॅमेरा, बॅटरी आणि संगणक एकाच पेटीत असल्याने जुळणीच करावी लागत नाही. १०, २० वा ३० सेकंदांचे एक्स्पोजर एकावर एक रचले जाऊन चित्र मुलांसमोर उजळत जाते. एका फोनवरून नियंत्रण आणि इतर फोनवरून दर्शन अशी सोय असल्याने शिक्षकांचे सहकारी आणि पालकही एकाच वेळी पाहू शकतात. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असेल तर ओमेगा सेंटॉरी हा विशाल तारकागुच्छ अवश्य दाखवावा. युरोपातील बहुतेक शाळांच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही.

दिवसा सूर्यावरील डागही दाखवता येतील, पण सोबत मिळणारा सौरफिल्टर बसवल्याखेरीज दुर्बीण सूर्याकडे वळवू नये. ही जबाबदारी मुलांच्या हाती देऊ नये.

प्रश्न : आंबोलीला पोहोचल्यावर ॲपने डब्याची प्रणाली अद्ययावत करण्याची सक्ती केली, तेथे इंटरनेट नव्हते आणि रात्र वाया गेली. हे टाळता येते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : फोनवरील ॲप आपोआप अद्ययावत झाले आणि डब्यातील प्रणाली जुनीच राहिली की असे होते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुरते आपोआप होणारे बदल बंद ठेवावेत. अद्ययावत करायचेच असेल तर ते घरी, निघण्याच्या किमान दोन दिवस आधी करावे आणि त्यानंतर संपूर्ण संच एकदा एअरप्लेन मोडवर जोडून पाहावा. सोबत्याच्या दुसऱ्या फोनवरही तेच ॲप आधी घालून ठेवावे; आपला फोन दवाने भिजला किंवा हातून पडला तर मालिका सुरूच राहील, परंतु पहाटे माउंट पूर्वस्थितीत आणण्यासाठी पडदा लागेलच.